एका रात्रीपुरतं लुगडं

मोबाइल घरी ठेवा. घड्याळही काढून ठेवा. चपला पायांत असू द्या, त्या पुढे आपोआप हरवतील. हळदीकुंकवाच्या घरी चपला हरवायच्याच, मग काळ कुठलाही असो.

आश्विन शुद्ध अष्टमी. दुपारचे चार वाजून गेलेत आणि तुम्ही अकोट्यात उभे आहात. अकोला नव्हे आणि अकोटही नव्हे. विदर्भाचं तिकीट काढलं असेल तर परत करा. हे बडोद्याचं अकोटा, विश्वामित्रीच्या पश्चिम काठावरचं. मैदानावर गरब्याचे स्पीकर ‘चेक, चेक’ करताहेत. पार्लरच्या दारात मुलींची रांग. एका स्कूटरवर तिघी, आणि त्या तिघींच्या चनियांच्या घेरात चौथी सहज मावेल. ऊन उतरायला लागलंय तरी डांबर तव्यासारखं तापलेलं. पाऊस गेला की बडोद्यात जो उकाडा सुरू होतो, तो थेट दिवाळीला पाहुणा राहूनच जातो.

चला, अकोटा-दांडिया बाजार पुलावर चढू. वर सौर पट्ट्यांचं छप्पर, खाली नदी. कठड्यावरून वाकून बघा, पण बेतानं. तो पाण्यावरचा ओंडका बहुधा ओंडका नाहीये. भर शहरातून वाहणाऱ्या या नदीत मगरी राहतात, आणि बडोदेकर त्यांच्याबद्दल बोलतात ते खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंबद्दल बोलावं तसं.

बघून झालं? मग मागे फिरा. लवकर, पळत. पूल आता जाणार आहे.

गेला. जायचाच होता, कारण तो अजून बांधलेलाच नाही. तुम्ही १९३० च्या आगेमागेच्या एका अष्टमीला, विश्वामित्रीच्या अलीकडच्या काठावर धापा टाकत उभे आहात. स्पीकर गेले आणि कानांत एकदम पोकळी झाली. हळूहळू तीत आवाज भरायला लागतात: रहाटाची कुरकुर, म्हशीचं हंबरणं, लांबून छोट्या गाडीची शिट्टी. विश्वामित्री स्टेशनातून जंबुसरकडे जाणारी ही गाडी, तिच्या दोन रुळांत अंतर जेमतेम अडीच फूट. वास तर आधीच आलाय, चिखल, शेणाच्या गोवऱ्या आणि कापलेल्या हिरव्या चाऱ्याचा. अकोटा आता एक खेडं आहे. नदीपलीकडे झाडांच्या शेंड्यांवर लक्ष्मीविलास राजवाड्याचा मनोरा तेवढा तुमच्या ओळखीचा.

जिथे उभे आहात तिथे पाय जरा जपून ठेवा. या गावाच्या मातीखाली एक चवरी धरलेली बाई आहे. ब्राँझची, कमरेत किंचित झुकलेली, आणि इतकी देखणी की पुढे तिच्यावर लोक पानंच्या पानं लिहिणार आहेत. सिंहावर बसलेली, मांडीवर मूल घेतलेली अंबिकाही आहे, जैनांची. अशा अडुसष्ट मूर्ती इथे निजलेल्या आहेत आणि त्या १९५१ साली वर येतील. तोवर त्यांच्या डोक्यावर बाजरी पिकतेय. आणखी एक गंमत, अकोट्याच्या माणसाला कोणी बडोद्याचा म्हटलं तर त्यानं ऐकवायला बरी: ८१२ सालच्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात ‘अंकोट्टक’ हा चौऱ्याऐंशी गावांचा मोठा विभाग आहे, आणि ‘वडपद्रक’, म्हणजे आजचं बडोदं, हे त्यातलं एक दान दिलेलं गाव. थोडक्यात, पूर्वी बडोदं अकोट्यात होतं.

असो. आपल्याला उशीर होतोय आणि तुमचा पोशाख चालणार नाही.

जायचं आहे ते बायकांच्या राज्यात. तेव्हा आज रात्रीपुरतं तुम्ही लुगडं नेसायचं. पुरुष वाचकांनीसुद्धा. लाजू नका, मी नेसवते. नऊ वार सुती, काठ रुंद, कासोटा घट्ट. घट्ट म्हणजे घट्टच, कारण तासन्‌तास उडायचं आहे. पोट आत घ्या. श्वास अडकतोय? अडकू द्या, रात्री त्या श्वासाशीच काम आहे. केसांचा अंबाडा, त्यावर वेणी. वेणीतली जाईजुई अर्धी उमललेली आहे, तुमच्या घामाच्या उबेनं ती रात्री नऊपर्यंत पुरती उमलेल.

टांगा आलाय. पायांशी एक टोपली ठेवा, गावातल्या बाईनं भरून दिलीय: दूर्वा, आघाडा, झेंडू, तगर, आणि ज्यांची नावं तिलाच ठाऊक असा बराच पाला. पत्री सोळा तऱ्हेची लागते. तिनं मोजून दिलीय आणि पैसे घेताना पुन्हा मोजलीय. टांगेवाला गुजराती, घोडा त्याहून गुजराती. काही केल्या घाई करत नाही. पूल नसल्यामुळे स्टेशनाला वळसा. मग काळ्या घोड्यापाशी, सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी, विश्वामित्री ओलांडायची. कोठी मागे पडते, रावपुरा लागतो. जिलेबीचा वास, घोड्याच्या लिदीचा वास, अत्तरवाल्याच्या दुकानापुढे दोन्हींवर मात करणारा हिन्याचा वास.

एका पोळीच्या तोंडाशी टांगा थांबतो. खायची पोळी नव्हे, राहायची पोळ. बडोद्यात मराठी बोलायचं तर एवढं लक्षात ठेवावं लागतं. आत चौकात मधोमध मातीचं मडकं, त्याला भोकं पाडलेली, आत दिवा. भोकाभोकांतून उजेडाचे ठिपके भिंतींवर पडलेत. हा गरबो. पोरी आत्तापासूनच जागा धरून आहेत. थोड्या वेळानं बायका त्याभोवती फेर धरतील, पावागडच्या महाकालीला हाका मारतील, टाळ्या वाजवतील. माइक नाही, पास नाही. टांगेवाला पगडी काढून मडक्याला हात जोडतो आणि म्हणतो, ‘चालो बेन.’

तुम्ही जाताय तिथेही एक मडकं आहे. त्याच्या आत दिवा नाही. काय आहे ते कळेलच.

दांडिया बाजार. उतरा. इथे कानावर एकदम मराठी येतं, पण ते पुण्याचं मराठी नव्हे. ‘अगं, शाक चढवलंस का?’ ‘बारणं लोटून घे, धूर बाहेर जातोय.’ गायकवाडांमागे साताऱ्याकडून, कोकणातून, वाईकडून आलेली ही घरं. चार-पाच पिढ्यांत भाजीचं शाक झालं, दाराचं बारणं झालं. सण मात्र त्यांनी गाठोड्यात बांधून आणले तसेच ठेवलेत. आज ज्या घरी चाललोय ते चित्पावनांचं. घराचं नाव सांगत नाही, कारण असं घर एक नव्हतं.

ओटीवर पुरुष बसलेत. अडकित्त्यात सुपारी, समोर वर्तमानपत्र, आणि चेहरा असा की आत काय चाललंय याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. दर पाच मिनिटांनी एक जण पाणी प्यायच्या निमित्तानं आत डोकावून येतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघतात. चपला इथेच काढा. नीट बघून ठेवा कुठे काढल्यात. उपयोग नाही, पण मनाला बरं वाटतं.

माजघर ओलांडून आत या. इथे शिवू नका, तिथे शिवू नका; सोवळं आहे. पाट दिलाय तिथे बसा आणि नुसतं बघा.

परातीत उकड वाफाळतेय. तांदूळ काही दिवसांपूर्वी धुतले, सावलीत वाळवले, जात्यावर दळले, पीठ वस्त्रगाळ केलं. हे सगळं आत्याबाईंनी केलं. त्या स्वयंपाकघरात चुलीपाशी आहेत, लाल आलवणात, डोक्यावरून पदर. आज रात्री त्या या उंबऱ्याच्या बाहेर येणार नाहीत, हळदीकुंकू सवाष्णींचं. घरात त्यांच्यासारखं पीठ कोणाला जमत नाही हे सगळ्यांना मान्य आहे, आणि त्या पिठाचा चेहरा झाला की त्या चेहऱ्याची पूजा करायला मात्र त्या नाहीत, हेही सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. मला ते इथे लिहिताना जसं टोचतं तसं त्या माजघरात कोणाला टोचताना दिसत नाही. पुढे चला.

परातीपाशी माई. घरच्या सासूबाई. हात पाण्यात बुडवतात, उकडीत घालतात, ‘स्स’ करून काढतात, फुंकतात, पुन्हा घालतात. उकड गरम असतानाच मळायची. निवली की तडकते. तळहात लालबुंद झालेत. एक तांब्या पालथा घातलाय, त्यावर ओलं फडकं, आणि आता त्यावर उकडीची जाड पोळी. तांदळाचा गोडसर वास तुमच्यापर्यंत येतो आणि पोटात कालवतं, कारण तुम्ही सकाळपासून उपाशी आहात. (सांगायचं राहिलं. आज तुमचा उपास आहे.)

माईंचे दोन अंगठे पोळीत रुततात: डोळ्यांच्या खोबणी. कपाळ तळहाताच्या पाठीनं सपाट करायचं. हनुवटी चिमटीत. नाक वेगळं, एक बोटभर गोळा लावून दोन्ही बाजूंनी ओढत ओढत वर न्यायचा. पहिलं नाक बसकं झालं. माईंनी ते काढून टाकलं. दुसरं वाकडं. थोरल्या सुनेनं काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्या खेपेला नाक असं सरळ, धारदार उतरलं की चार-पाच गळ्यांतून एकदम ‘आहा’ निघालं. ओलं आहे तोवर नथ टोचायची. मग कानांत बुगड्या, कपाळाला कुंकू, ओठांवर कुंकवाचंच बोट.

डोळे शेवटी. माईंनी काडीवर काजळ घेतलं आणि माजघरात बोलणं थांबलं. इतका वेळ परातीत एक छान वळलेलं पीठ होतं. काडी डाव्या डोळ्यावरून फिरली, उजव्यावरून फिरली, बुबुळं टेकली, आणि परातीतून कोणीतरी वर बघायला लागलं. तुम्ही नकळत पदर सावरता.

शांतता फार टिकत नाही. ‘यंदा अगदी वाईच्या मावशीवर गेलीय,’ थोरली सून म्हणते. ‘छे, नाक माईंचं आहे.’ ‘गेल्या वर्षी कशी रागावलेली आली होती!’ दर वर्षी चेहरा नवा, आणि दर वर्षी तो नात्यातल्या कोणावर तरी जातो. घरातल्या बाईचे अंगठे घरातलीच हाडं वळणार. पण हे मी मनात म्हणते, तुम्हीही मनातच ठेवा.

माजघराच्या कोपऱ्यात तिवई, तिवईवर हंडा, हंड्यावर कळशी. त्यावर जरीचं लुगडं, शेला, माईंच्या पेटीतला सगळा ऐवज: ठुशी, चिंचपेटी, पुतळ्यांची माळ. वर मुखवटा. महालक्ष्मी उभी राहिली. तुमच्याएवढी उंच. पुढे समया, आणि तुम्ही आणलेली पत्री.

धाकटी सून कोपऱ्यात मनगट चोळत बसलीय. सोळा वर्षांची असेल. मनगटाला हळदीत भिजवलेला दोरा बांधलाय, सोळा पदरी, सोळा गाठींचा. त्याला तातू म्हणतात. लग्नानंतर पहिली पाच वर्षं मुलीनं ही महालक्ष्मी पुजायची. सकाळी तिनं पुजली, हे तिचं दुसरं वर्ष. हळद ओली होती, सगळा हात पिवळा झालाय. तिला तो धुवायचाय, आणि धुवायचा की नाही हे कोणाला विचारावं ते कळत नाहीये.

दिवेलागण झाली. आता बायका येतात. एक नाही, दोन नाही; लोंढाच. दारातून अत्तर शिरतं, मग इरकली, महेश्वरी, चंद्रकळा, मग पोरंबाळं, मग पुन्हा अत्तर. तुमच्या कपाळावर कुंकू, गालांना हळद, हातावर अत्तराचं बोट, अंगावर गुलाबपाण्याचा शिडकावा. तेवढ्या उकाड्यात ते चार थेंब किती गार लागतात! ओटीत तांदूळ, खण, नारळ. माजघर एवढंसं, बायका साठ. खांद्याला खांदा. गॅसबत्ती सूं सूं करतेय आणि तिच्याभोवती पाखरं. कोणाच्या तरी पाटल्या तुमच्या बरगडीत रुतल्यात. कोणाचं तरी मूल तुमच्या मांडीवर येऊन निजलंय, ते कोणाचं हे विचारूही नका.

आरती झाली. माईंनी मधली जागा मोकळी करायला सांगितली आणि साठ बायकांनी भिंतीला पाठी लावल्या. थोरली सून घागरी घेऊन आली. पितळेच्या, घासून लखलखीत. एरवी यांत नळाचं पाणी असतं, आजवा तलावातून आलेलं. आज त्या कोरड्या आहेत.

धुपाटण्यात निखारे. त्यावर उदाचे खडे पडतात, चरचरतात, आणि पांढरा, दाट, गोड धूर उठतो. घागर त्यावर उपडी धरायची. धूर आत भरू द्यायचा. हे घ्या, ही तुमची.

दोन्ही हातांत धरा. तोंड तिरकं, काठ खालच्या ओठाला टेकवा. पितळ गरम आहे. आता फुंका. आत नव्हे, काठावरून, पलीकडे. बाटलीवर फुंकतात तसं.

काही नाही. नुसतं फुस्स. साठ बायका हसतात. हसू द्या, त्यांचंही पहिल्या वर्षी फुस्सच झालं होतं. पुन्हा. ओठ थोडे आवळा.

घुं.

आला! आणि आवाजाबरोबर धूरही आला, थेट डोळ्यांत. डोळे मिटा, फुंकणं सोडू नका. हा आवाज कानांनी ऐकायचा नाही, तो छातीच्या पिंजऱ्यात ऐकू येतो. तुमची इवलीशी फुंकर, समईही नीट विझणार नाही अशी, आणि घागरीच्या पोटातून ती बैलाच्या हुंकारासारखी होऊन निघते. पाय हलवा. उजवा, डावा, उडी, घागर डावीकडे. उजवा, डावा, उडी, घागर उजवीकडे. घुं... घुं... घुं. शेजारी थोरली, पलीकडे धाकटी, समोर एक साठीची बाई जिचे पाय जमिनीला लागतच नाहीत. चार घागरी, मग सहा, मग आठ. सुरुवातीला प्रत्येकीचा ताल वेगळा असतो. कधी तो एक होतो ते कळत नाही. जमीन खालून ठोके देतेय असं वाटतं. माळवदाची धूळ झरतेय.

घाम डोळ्यांत, धूर नाकात. ओठ बधिर. कासोटा घट्ट का बांधला ते आता कळलं ना? डोकं हलकं व्हायला लागलंय. एवढा वेळ इतका खोल श्वास सोडला की होणारच, डॉक्टर सांगतील. म्हातारी आत्या सांगेल की फुफ्फुसं साफ होतात, म्हणून तर रूढी घातली. मला दोघांचंही म्हणणं पटतं आणि दोघांनीही सगळं सांगितलंय असं वाटत नाही. या साठ जणींपैकी कितींनी वर्षभरात या घरात मोठ्यानं आवाज काढला असेल? हाक मारायची ती हळू, हसायचं ते पदराआड, सासऱ्यांसमोर बोलायचं ते दाराआडून. आणि आज माजघरातून असा हुंकार निघतोय की ओटीवरच्या गप्पा बंद पडल्यात.

बाहेर कुठे तरी पोळीत टाळ्यांचा फेर चाललाय. त्यांच्या मडक्यात उजेड भरलाय, यांच्या घागरीत श्वास.

तुम्ही थांबा आता, भिंतीशी या. दुसऱ्यांना द्या. आणि मधल्या सुनेकडे बघा.

दोन तास झाले, ती थांबलेली नाही. अंबाडा सुटलाय, फुलं पायांखाली. घागर आता तिच्या हातात असल्यासारखी दिसत नाही. ती घागरीच्या हातात आहे. डोळे उघडे आहेत, पण कशावर ठरलेले नाहीत. बाकीच्या एकेक करून थांबतात, मागे सरतात. तिची एकटीचीच घागर घुमतेय. कोणी तरी कुजबुजतं, ‘आली.’

घागर खाली येते. मधली डुलतेय, दात घट्ट, श्वास फुत्कारासारखा. आणि तुम्ही आयुष्यात विसरणार नाही असं एक दृश्य: माई उठतात. आज सकाळी हिलाच डाळ करपली म्हणून बोलल्या होत्या त्या माई. पदर खांद्यावरून घेतात, तिच्यापुढे गुडघे टेकतात, तिच्या पायांवर डोकं ठेवतात. तिची ओटी भरतात. हात जोडून, सुनेशी कधी बोलल्या नसतील अशा मऊ आवाजात विचारतात, ‘आई, आमचं काही चुकलं का? घरात काय उणं आहे?’

मधली डुलत राहते. मग फाटलेल्या आवाजात एकच शब्द येतो.

‘पाणी.’

माजघरात सुस्कारा. ‘पाणी म्हणाली!’ ‘आजवा आटणार असेल.’ ‘छे गं, पाऊस केवढा झालाय. पूर असेल. सत्तावीस सालासारखा. विश्वामित्री चढणार पुन्हा.’ ‘काशीचं गंगाजल नवसाचं राहिलंय या घराचं, मला ठाऊक आहे.’ ‘कोकणातली विहीर. भावकीनं बुजवली ना ती?’ ‘पाणी म्हणजे परदेश. नातू विलायतेला जायचं म्हणतोय.’ एकीनं तर रडायलाच सुरुवात केली. माई जोडलेल्या हातांनी प्रत्येकीकडे बघताहेत, आणि मधली तशीच उभी, डुलत.

‘पाणी,’ ती पुन्हा म्हणते.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक हात दिसतो. लाल काठ, हाडं वर आलेलं मनगट. तांब्या उंबऱ्याच्या अलीकडे ठेवला जातो, ओला, काठोकाठ.

‘सकाळपासून पोटात काही नाही तिच्या,’ आत्याबाईंचा आवाज आतून येतो. ‘पाणी म्हणजे पाणी.’

कोणी हसत नाही. माई गुडघ्यांवरच सरकत उंबऱ्यापर्यंत जातात, तांब्या उचलतात, आणि सुनेच्या तोंडाला लावतात. एक हात मानेमागे, जसं आजारी मुलाला पाजतात. मधली घटाघटा पिते. पाणी हनुवटीवरून, ठुशीवरून, चोळीवर. तांब्या रिकामा होतो. तिचे डोळे हळूहळू माईंवर येऊन ठरतात, तेव्हा ती एकदम पदर डोक्यावर ओढून घेते.

अंगात आलं होतं का? मला नका विचारू. तिला उद्या विचारलंत तर म्हणेल, मला काही आठवत नाही. सगळ्या तसंच म्हणतात.

मध्यरात्र उलटली. जायफळ घातलेली कॉफी फिरतेय, खिरापत वाटली जातेय. कोणी फुगडी घालतंय, कोणी झिम्मा, कोणी भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपलंय. समयांच्या उजेडात महालक्ष्मीकडे बघा. उकड सुकतेय, चेहरा किंचित आवळलाय, गालांवर बारीक ओढ आलीय. संध्याकाळी कोवळी होती, आता प्रौढ दिसते. या घरात म्हणतात की ती रात्रभर वय बदलते. तुम्ही जागे राहून बघायचं ठरवता आणि त्या परक्या मुलाला मांडीवर घेऊन तिथेच झोपता.

जाग येते ती चिंचेच्या वासानं. उजाडलंय. महालक्ष्मीवर अक्षता पडल्या, मुखवटा उतरलाय, ऐवज पेटीत गेलाय. तिवईवर पुन्हा नुसता हंडा आणि कळशी. उकडीचे तुकडे पानावर वाटून ठेवलेत, घराघरांत प्रसाद म्हणून जातील, आणि त्यातला एक आत्याबाईंच्या पानावरही आहे. नाकाचा आहे, धारदार.

मागच्या अंगणात मधली सून उकिडवी बसून घागरी घासतेय. चिंच, राख, नारळाची शेंडी. आतली काजळी हाताला लागत नाही म्हणून दंडापर्यंत हात घातलाय. अंबाडा घट्ट, पदर डोक्यावर, आवाज बसलेला. खालच्या ओठावर पितळेच्या काठाचा लालसर अर्धगोल उमटलाय. तुमच्याही ओठावर आहे, हात लावून बघा.

माई येतात. उभ्या राहतात. ‘त्या तिसरीला आतून धूर राहिलाय बघ,’ म्हणतात. आवाज नेहमीचा. मग जाता जाता नळ सोडतात आणि घागर स्वतः त्याखाली सरकवतात.

पाण्याचा आवाज आधी पोकळ, मग भरीव, मग काठाशी आल्यावर बारीक. मधली घागर उचलून तिवईवर ठेवते आणि तुमच्याकडे बघून, बसक्या आवाजात विचारते, ‘पाणी घेणार?’

घ्या. ओंजळ करा. आजव्याचं पाणी, गार, आणि कितीही घासलं तरी उदाचा वास सुटलेला नाही.

आता निघा. टांगा दाराशी उभा आहे, आणि काळ्या घोड्यापर्यंत पोचेतो सूर्य वर आलेला असेल. चपला शोधत बसू नका.